जांभळीच्या दिव्यात पाणी

कोकणातून परतल्यापासून घाटावर धुणं धुताना जी भेटते ती एकच विचारते, "समुद्र पाहिलास का गं?" पाहिला बाई. मोठा आहे, खारट आहे, आणि त्याचं पाणी कुठवर पोचतं ते मला जितकं कळलंय तितकं या अख्ख्या वाईत कुणाला कळलं नसेल. ते माझ्या मोटारीच्या दिव्यात पोचलं होतं. काच कुठं फुटली नाही, तडकली नाही, आणि आत पाणी! तोंडी सांगून सांगून जीभ दुखायला लागली, म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना कोकणात जायचं असेल त्यांनी वाचावं, आणि जायचं नसेल त्यांनी तर नक्कीच वाचावं.

आधी गाडीची ओळख. विलायती बनावटीची जुनी मोटार, पिकल्या जांभळाच्या रंगाची, म्हणून जांभळी. आमचे हे तिच्यातून पाचगणीच्या पाहुण्यांची ने-आण करत. मग ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लोक म्हणाले, गाडी विका. मी म्हटलं, का म्हणून? ह्यांनी शेजारी बसून मला शिकवलं आणि मी शिकले. आता पसरणीचा घाट मी डाव्या हाताने पदर सावरत उतरते. ह्यांना हे आवडत नाही, म्हणजे पदर सावरणं. "दोन्ही हात चाकावर!" असं ओरडतात. दिसत नसलं तरी ह्यांना सगळं समजतं.

माझी थोरली बहीण, अक्का, पोयनाडपलीकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. भातशेतीचं घर. तिच्या ताराचं लग्न थळच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीवाल्याकडे ठरलं, आणि अक्काच्या यजमानांचा, म्हणजे दाजींचा निरोप आला. लग्नाला या, आणि मोटार घेऊनच या. दाजींनी कधी मोटारीचं नावही काढलं नव्हतं, त्यामुळे मला तेव्हाच काहीतरी शंका आली होती.

घाट उतरताना

माघातली थंडी होती. महाबळेश्वरावरून आंबेनळीचा घाट उतरायला लागलो तेव्हा स्वेटर अंगात होता, पोलादपूरला पोचेपर्यंत तो मांडीवर आला. एवढ्याशा अंतरात हवा अशी बदलते की वाटावं कुणी ओला पंचा तोंडावर टाकला. झाडं वेगळी, घरांची छपरं वेगळी, उतरती आणि कौलारू, आणि माणसांचं बोलणंही वेगळं. आमच्याकडे बोलणं दगडासारखं येऊन आदळतं. इथं शेवटी जरा हेल काढतात.

पोलादपूरला चहा घ्यायला थांबलो तर हॉटेलवाला ह्यांना म्हणाला, "ड्रायव्हर कुठंय?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "घाटातून गाडी बाईंनी उतरवली?" मी म्हटलं, "नाही, घाटानेच आम्हाला ढकललं." त्याने दुसरा चहा फुकट दिला. ह्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू मेडल ह्यांनाच मिळालं. आणि खरं सांगते, अर्धं ह्यांचंच होतं.

मुक्काम महाडला केला. भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चुन्याने रंगवलेल्या. जेवणात तांदळाची भाकरी. आमच्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या घासाला पापुद्रा वाटते आणि तिसऱ्या घासाला सोडवत नाही.

मिठागरं आणि तर

दुसऱ्या दिवशी वडखळकडे वळलो आणि दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. चौकोन चौकोन पाणी, आणि काठाला पांढऱ्या राशी. एका आगरावरच्या बाईने ह्यांच्या धोतराच्या सोग्यात ओंजळभर खडेमीठ टाकलं. "पाव्हणं, न्या घाटावर. आमचं मीठ हाय ह्ये." ह्यांनी ते पुरचुंडीत बांधून घेतलं. ही पुरचुंडी लक्षात ठेवा.

पुढे धरमतरची खाडी. गाडी तरीवर चढवायची, म्हणजे दोन होड्यांवर फळ्या टाकलेल्या, त्यावर. मी आयुष्यात कुठल्या घाटाला भ्याले नाही, पण त्या फळ्यांना भ्याले. तरवाला म्हणाला, "ताय, डोळं मिटा नि चढवा." डोळे मिटून! चढवली. मधोमध भरतीचं पाणी फळ्यांच्या फटीतून उसळलं आणि जांभळीच्या तोंडावर दोन-तीनदा सपकन बसलं. मी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि गोष्ट तिथे संपली असं समजले.

दिवेलागणीला पोयनाड सोडलं आणि दिवे लावले. उजेड पडेना. म्हणजे पडत होता, पण पिवळट, गढूळ, ताकासारखा. उतरून पाहिलं तर दोन्ही काचांना आतून घाम फुटलेला, आणि तळाशी थेंब साचलेले.

"काय झालं?" ह्यांनी आतून विचारलं.

"तुमच्यासारखं झालंय. मोतीबिंदू."

हे उतरले, काच चाचपली, तिच्याभोवतीच्या कड्याखालून बोट फिरवलं. कड्याखालचं रबर वाईच्या उन्हात चिरलेलं होतं. म्हणाले, "हिच्यात हवा शिरतेय. आणि इथली हवा म्हणजे पाणीच." हळूहळू, जवळजवळ चालत म्हणावं अशा वेगाने, अक्काच्या दारात पोचलो.

अक्काचं घर

अंगणात मांडव पडला होता. अक्काने भाकरतुकडा ओवाळला, गळ्यात पडली, रडली, हसली. दाजी मात्र माझ्याकडे बघेचनात. ते गाडीकडे बघत होते. त्यांनी मोठ्याने विचारलं, "दिवे कसे हायत?"

मी म्हटलं, "दाजी, आम्ही कसे आहोत ते तरी विचारा."

मग अक्काने सगळं सांगितलं. थळच्या त्या घराची एक रीत आहे. नवी सून माहेरच्या उजेडात येते. माहेरची माणसं दिवट्या घेऊन पुढे, मागे नवरानवरी, आणि तो उजेड वाटेत विझता कामा नये. विझला तर सासूबाई काही बोलत नाहीत, पण गाव बोलतं, आणि पोरीला जन्मभर ऐकावं लागतं. सुपारी फुटताना ताराच्या सासूबाई, भागीरथीबाई, म्हणाल्या होत्या, "दिवा तेवढा म्हायेरचा हवा, बाकी काय नको." तर आमचे दाजी भर बैठकीत म्हणाले, "इझायचा प्रश्नच न्हाय. माझी मेव्हणी मोटार घिऊन येतेय. दोन दिवे, सूर्य-चंद्रावानी!" नवरदेवाकडच्यांनी गॅसबत्त्या आणतो म्हटलं तर दाजींनी त्याही नको म्हटल्या. आता अलिबागात लग्नसराईने एक गॅसबत्ती मोकळी नाही. आणि असती तरी दाजींनी आणली नसती.

लग्न तीन दिवसांवर.

मला असा राग आला! "मला न विचारता माझ्या गाडीवर फुशारकी मारलीत? आणि सूर्य-चंद्र? नुसते दिवे म्हणायला काय झालं होतं!" दाजी खाली मान घालून उभे. एवढा आडदांड माणूस, पण पोरीच्या लग्नात बाप कसा एवढासा होतो ते पाहिलं आणि माझा राग उतरला.

सकाळी तारा माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "मावशी, न्हाय झालं दिवे तर मी हातात कंदील घिऊन चालत जाईन. मला कायबी वाटायचं न्हाय. पन बाबांना कुनी हसाया नको."

त्या क्षणी मी ठरवलं. हिला चालत पाठवली तर मी गाडी विकीन.

मीठ, मग राळ

पहिला उपाय ह्यांचा. आमच्याकडे पापडाच्या डब्यात मिठाची पुरचुंडी टाकली की ती ओल पिऊन घेते. ह्यांनी दिव्यांचा स्क्रू सोडवला, कडी काढली, काचा पुसल्या. मागच्या चकाकत्या वाटीला मी ह्यांना बोट लावू दिलं नाही, कारण तो मुलामा पुसला की दिवा आंधळाच. मग आगरावरचं ते मीठ फडक्यात बांधून दोन्ही दिव्यांच्या तळाशी ठेवलं आणि काच लावली. हे हात झटकत म्हणाले, "संध्याकाळपर्यंत खणखणीत!"

संध्याकाळी काच पुन्हा पांढरी. उघडलं तर पुरचुंड्या ठिबकत होत्या. अक्का पदराआड हसायला लागली आणि तिला थांबवता येईना. "अगं इथं मिठालाच पानी सुटतंय! मी चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगून ठेवते, तवा कुठं हाताला लागतं." घाटावरचं शहाणपण खाडी ओलांडताना बुडतं, हे तेव्हा कळलं. रात्री ह्यांनी पानातल्या मिठाला हातही लावला नाही. मी चेष्टा केली नाही. एकदाच केली.

दुसरा उपाय दाजींचा. ते भल्या पहाटे जाऊन होड्या बांधणाऱ्यांकडून राळ आणि तेल घेऊन आले. होडीच्या फटीत कापूस भरून वरून राळ बसवतात, तसं आम्ही कड्याभोवती सगळीकडून बसवलं. मला तो उपाय पटला होता, हे कबूल करते. दिवा असा बंद केला की दाजी छाती ठोकून म्हणाले, "आता समुद्रात बुडवा, थेंब शिरायचा न्हाय!"

शिरला नाहीच. पण अंगणात दव पडलेलं असताना आम्ही ती काच बंद केली होती, आणि ते दमट वारं आतच कोंडलं गेलं. ऊन चढलं तशी काच आतून अशी भरून आली की वाटावं दिवा रडतोय. बाहेरून राळ, आतून पाणी, आणि उद्या लग्न. दाजी ओसरीवर जाऊन बसले ते हळदीलाही उठेनात. हळद लागलेली तारा त्यांच्यासमोर पेला भरून सरबत ठेवून गेली. तेही त्यांनी घेतलं नाही.

पोपटी

हळदीच्या संध्याकाळी अक्काने पोपटी लावली. आमच्याकडे हा प्रकार नाही, म्हणून सांगते. मडक्यात वालाच्या शेंगा, रताळी, मीठ, ओवा घालायचा, पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात, आणि त्या पाल्याचा वास असा लागतो की पोट भरलं तरी हात थांबत नाही.

मी मदत म्हणून पाला कोंबायला बसले आणि माझ्या सवयीने दाबून दाबून ठासला. ताराने माझा हात धरला, हळदीने पिवळा झालेला तिचा हात. "मावशी, येवढा दाबू नगं. वाफंला वाट हवी खालनं. न्हायतर शेंगा गिच्च व्हतात."

मी मडक्याकडे बघत राहिले. उपडं मडकं, तोंड खाली, वाफ खालच्या पाल्यातून हळूहळू बाहेर. आणि अंगणात पलीकडे जांभळी उभी, तोंडाला राळ फासलेली.

मी ओरडलेच, "अहो! आपण पाला ठासलाय!"

ह्यांना वाटलं, मडकं फुटलं. मी ह्यांना हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि सांगितलं, "दिवा पेटला की आत ऊन होतं, ऊन झालं की ओलीची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला आपण जागाच ठेवली नाही. वरून बंद हवा, खालून मोकळा!"

ह्यांनी दिव्याचा तळ चाचपला. मग म्हणाले, "वात."

"काय?"

"खाली नुसती फट ठेवलीस तर धूळ शिरेल. फटीत कापसाची वात घाल. पाणी तळाशी आलं की वात ते ओढून बाहेर टाकेल. आणि वारंही येईल-जाईल." आणि हसून म्हणाले, "दिवा आहे ना तो? मग वात नको?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वेळी अंगणात माणसं होती म्हणून, नाहीतर मी त्यांची दृष्ट काढली असती.

लग्नाच्या दिवशी

सकाळी दव उडून जाईपर्यंत थांबलो. मग राळ खरवडली. काचा आणि कडी गोड्या पाण्याने धुतल्या, कारण खाडीचं मीठ चिकटलेलं असलं की ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. हे आम्ही अक्काच्या मिठाकडूनच शिकलो. सगळं उन्हात तापवलं, हाताला चटका बसेपर्यंत. चिरलेल्या रबरावर वरच्या अंगाने राळ, खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी फट. वाती मी अक्काच्या देव्हाऱ्यापाशी बसून वळल्या, तिच्याच कापसाच्या, रोज वळते तशा. तिकडे मांडवात भटजी हाका मारतायत, इकडे मावशी मोटारीच्या दिव्यात वात घालतेय. बायकांनी काय काय म्हटलं असेल! म्हणू देत.

गाडी भाताच्या कोठारात पाठमोरी नाही, भिंतीकडे तोंड करून घातली, दार लावलं आणि दिवे लावून ठेवले. काळोख्या भिंतीवर दोन गोल पडले, स्वच्छ, पांढरे. बराच वेळ थांबलो. काचेवर धुकं आलं, थोडं रेंगाळलं, आणि मग खालच्या बाजूने विरत विरत गेलं. दाजी दारात उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या उजेडात आपला हात धरला, सावली पडते का पाहायला. पडली. मग ते धावत मांडवात गेले आणि इतक्या मोठ्याने ओरडून वाजंत्र्यांना वाजवायला लावलं की भटजींचा मंत्र चुकला.

थळ

उन्हं कलताना निघालो. मागे तारा, तिचा नवरा आणि दाजी, शेजारी हे. अलिबाग ओलांडलं तोवर उजेड होता. थळच्या वाटेला लागलो तशा दोन्हीकडून नारळी-पोफळी जवळ आल्या. बाहेर अजून आभाळ लाल असलं तरी त्या वाड्यांच्या आत अंधार लवकर पडतो. माडांमधून वारं येत होतं, खारं आणि ओलं, काचेवर बोट फिरवलं तर चिकट. मी मनात म्हटलं, जांभळे, आता बघ हं.

वेशीवर खालूबाजाचे वाजंत्री आणि वऱ्हाडी वाट बघत उभे. मी दिवे लावले.

काय सांगू! पोफळीची एकेक सरळ खोडं, त्यांच्यावरची कड्यांसारखी वळणं, वाटेतला खडा न् खडा उजळला. वाजंत्री पुढे, उजेड त्यांच्या पाठीवर, आणि त्यांच्या सावल्या लांब होऊन वाडीत नाचायला लागल्या. पोरंसोरं, म्हाताऱ्या, सगळे कुंपणाला. कुणीतरी म्हणालं, "बाई हाकतेय व्हय!" दुसरं म्हणालं, "उजेड बघ की, उजेड!" हे शेजारून दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आहेत ना? पांढरे आहेत ना?" मी म्हणत होते, "आहेत हो, आहेत." दाजी वेशीवर उतरून मागच्या बैलगाडीत बसले होते, तिथून त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं, रडू आवरायचं असलं की ते असं खाकरतात.

वाडीच्या दारात भागीरथीबाई. बारीक, ताठ, नऊवारी, हातात ओवाळायचं तबक. त्यांनी सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुतले. आणि मग सुनेला आत न नेता सरळ गाडीपुढे आल्या. वाजंत्री थांबली. दाजी उतरून घाईने पुढे आले.

बाई दिव्यापुढे वाकल्या. "उजेड झ्याक हाय," त्या म्हणाल्या, "पन ह्यो काय म्हायेरचा दिवा? ह्यो तर बॅटरीचा." आवाजात खवचटपणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

तेवढ्यात त्यांना काचेखाली लोंबणारं टोक दिसलं. "ही काय गं? वात?"

मी उतरले. म्हटलं, "वातच आहे. ताराच्या माहेरच्या देव्हाऱ्यातल्या कापसाची. आज सकाळी तिथंच बसून वळलीय." दिव्याला ती का लागते, तेही सांगितलं, लपवायचं काय त्यात?

त्यांनी वाकून वात अलगद ओढून काढली. ओली निघाली तर माहेरची वात ती कसली? त्यांनी ती दोन बोटांत चोळली. मग दुसऱ्या दिव्याची काढली, तीही चोळली.

"कोरडी हाय," त्या म्हणाल्या.

इतक्या वाटेने, इतक्या ओल्या वाऱ्यातून, कोरडी! मला तिथंच नाचावंसं वाटलं. बाईंनी दोन्ही वाती तबकातल्या निरांजनाच्या तुपात बुडवल्या, निरांजन ताराच्या हातात दिलं आणि काडेपेटी पुढे केली. "लाव, पोरी. म्हायेरचा दिवा तूच आत ने."

वात पहिल्या काडीला पेटली. तारा ते निरांजन तळहाताच्या आडोशात धरून उंबरठा ओलांडून आत गेली, आणि ज्योतीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. दाजी जांभळीच्या बॉनेटवर हात ठेवून हुंदके देऊन रडले. त्यांच्यासारखा माणूस! मग डोळे पुसून सगळ्या थळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सांगितलं नव्हतं मी? सूर्य-चंद्र!" या वेळी त्यांना तेवढं म्हणायचा हक्क होता.

दुसऱ्या दिवशी निघताना हे म्हणाले, "वाती गेल्या, खाडी ओलांडायचीय, आता पुन्हा पाणी धरणार." तर तारा आतून आली, नवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि मुठीत दोन वाती. सासरच्या देव्हाऱ्यापाशी बसून, सासूच्या कापसाच्या, स्वतः वळलेल्या. तिनेच खाली बसून त्या फटीत घातल्या आणि टोकं सारखी केली.

त्या अजून जांभळीच्या दिव्यांत आहेत. वाईच्या कोरड्या हवेत त्यांची काही गरज नाही, असं आमच्या आळीतला प्रत्येक शहाणा मला सांगून गेला. कुणी त्यांना हात तर लावून दाखवा.